खांबाची सावली

वैशाखातल्या एखाद्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, नाशिकच्या सीबीएस चौकात जो घटकाभर उभा राहील, त्याला असे दिसेल, की रस्ता ओलांडण्यासाठी खोळंबलेली माणसे, म्हणजे कोर्टात तारखेला आलेला सिन्नरकडचा शेतकरी, जिल्हाधिकारी कचेरीतून दाखल्याची नक्कल घेऊन निघालेली बाई, बस गाठण्याच्या लगबगीतला विद्यार्थी, अशी सर्व, सिग्नलच्या खांबाची जी वीतभर रुंद सावली पदपथावर तिरपी पडलेली असते, तिच्यात एकामागे एक उभी आहेत. एसटीच्या दारापाशी जो नाशिककर रांगेचे नाव काढू देत नाही, तोच येथे पुढच्याच्या पाठीमागे मुकाट उभा राहतो. रस्त्याकडेच्या वृक्षलागवडीत माझी तीस वर्षे गेली. परंतु या रांगेइतकी वाजवी दरखास्त कोणत्याही दप्तरातून माझ्यापुढे आलेली नाही.

योगायोग असा, की याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे अशोकस्तंभ लागतो. त्या सम्राटाने आपल्या सातव्या स्तंभलेखात, पशूंना व मनुष्यांना छाया मिळावी म्हणून मार्गांवर वड लावविल्याची आणि आंबराया करविल्याची नोंद कोरून ठेवली आहे; आपण स्तंभ तेवढा उचलला आणि मजकूर सोडून दिला. पाच वडांवरून ज्या गावात पंचवटी हे नाव पडले, त्या गावाने असे करावे याचे मला नवल वाटते, राग मात्र येत नाही. कारण चौकात झाड लावण्याला जी हरकत घेतली जाते, ती अगदीच पोकळ नाही.

हरकत अशी, की ओलांडणीच्या पट्ट्यांपाशी झाड असले म्हणजे वाहन हाकणाऱ्याला पादचारी दिसत नाही. या मुद्द्यावर माझ्या एका अभियंता स्नेह्याशी माझे वर्षभर भांडण चालले होते. अखेर एका रविवारी सकाळी, रहदारी सुरू होण्यापूर्वी, आम्ही दोघे एका चौकात गेलो. त्यांनी वीस-पंचवीस पावलांवर स्कूटर उभी करून तिच्यावर बैठक मारली, मी पट्ट्यांच्या कडेला उभा राहिलो, आणि तीस वर्षांनंतरच्या बुंध्याची भूमिका आमच्या घरच्या एका सतरंजीच्या उभ्या वळकटीने केली. आपल्याकडे वाहने डाव्या अंगाने चालतात, त्यामुळे रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला पहिला धोका येतो तो उजवीकडून. वळकटी माझ्या उजव्या हाताला होती तोवर स्नेही ‘दिसत नाही’ एवढेच ओरडत राहिले; ती उचलून डावीकडे ठेवताच म्हणाले, “आता अख्खे दिसलात बुवा!” वाद तेथेच मिटला. झाड पट्ट्यांच्या पुढे, वाहने जिकडे जातात त्या अंगाला लावावे. खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत छाटून ठेवाव्या, कारण रस्त्यांच्या प्रमाणांत चालकाची नजर जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर धरलेली असते. आणि त्या खोडाभोवती शोभेसाठी जास्वंदीचे कुंपण मुळीच करू नये. अशा जागी लावलेले खोड फार तर माणसाचा एक हात झाकते, झुडूप सबंध मूल झाकते. पण झुडपाविरुद्ध तक्रार झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता सूर्याचा हिशेब. नाशिक जवळजवळ नेमके २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि झाडाची सावली त्याच्या पायाशी गोळा होते. तेव्हा, ज्याचा पर्णसंभार बुंध्यापासून निदान चार-पाच पावले पसरत नाही, त्याचा खोळंबलेल्या माणसाला काही उपयोग नाही. आसोपालव, ज्याला लोक अशोकच म्हणतात, तो या दृष्टीने पाने लावलेला खांब होय. गुलमोहर शोभिवंत खरा, पण ऐन चैत्रात उघडाबोडका असतो आणि पावसाळी वाऱ्यात त्याची फांदी केव्हा मोडेल याचा नेम नाही. उंबराची फळे पट्ट्यांवर चिरडली की चालणारा घसरतो. माझा कौल कडुनिंबाला: माघ-फाल्गुनात तो पाने टाकतो, आणि पाडव्याला आपण त्याची कोवळी पालवी गुढीला बांधतो न बांधतो तोच ऐन उन्हाळ्यासाठी छत्र धरून उभा राहतो. जागा अरुंद असेल तेथे बकुळ. ती मंद वाढते, पण बारमाही हिरवी असते.

खरा कज्जा मात्र जमिनीखाली आहे. हातभर खोल खड्डा खणून, त्यात रोप सोडून छायाचित्र काढले की लागवड झाली, असा समज रूढ आहे. सभोवार रोलरने दाबलेला मुरूम, त्यात नळ, तारा, गटारे. मूळ बिचारे वाट शोधत पदपथाच्या फरशीखालच्या मऊ रेतीत शिरते, फरशी उचलते आणि गुन्हेगार ठरते. फरशीखाली मोठी खडी आणि माती यांचा मिश्र थर दिला, तर खडी भार पेलते आणि तिच्या सांदीतून मूळ सुखाने जाते. हा खर्च रस्ता बांधतानाच करावा लागतो, मागाहून होत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा हुकूम दिला, तो वाचून मला समाधान वाटले. परंतु मीटरभर म्हणजे श्वास घेण्यापुरते, जेवण्यापुरते नव्हे. झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते; कोंडमाऱ्याने वाळायला कोणाचीच लागत नाही.

आणि पिंजरे. रोपाभोवती जो लोखंडी पिंजरा बसवतात, तो गुरांपासून रक्षणासाठी दोन-तीन वर्षांपुरता असतो. तो काढण्याची तरतूद मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात मी पाहिलेली नाही. एका ओलांडणीशेजारच्या कडुनिंबाला पिंजऱ्याच्या कड्याने असा करकचून वेढा घातला होता, की कड्याच्या वर खोड फुगून आले होते. मी आणि एक वयस्क माळी करवत घेऊन बसलो. गज सुटले, खालचे कडे सुटले. वरच्या कड्याचा वीतभर तुकडा मात्र सालीने दोन्ही बाजूंनी ओठ मिटावे तसा गिळला होता. मी करवत पुन्हा लावू लागताच माळीबुवांनी हात धरला. “ऱ्हाऊ द्या साहेब, त्ये आता त्याचंच झालं.”

त्या जागी आज छातीइतक्या उंचीवर एक गुळगुळीत उंचवटा आहे. सिग्नल सुटेपर्यंत लोक त्यावर तळहात टेकून उभे असतात.