सोबत

आमच्या लहानपणी बाईमाणसाने एकटीने प्रवास करायची पद्धत नव्हती. सोबत लागे. मग ती सोबत कशीही असली तरी चाले. माझी आत्या माहेरी अंबाजोगाईला यायची ती आपल्या नऊ वर्षांच्या पुतण्याच्या सोबतीने. वाटेत त्याला गाडी लागायची, मग तो आत्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपायचा, आणि उतरताना हटकून त्याची एक चप्पल हरवलेली असायची. सारा सांभाळ आत्याने करायचा आणि वर म्हणायचे, तिला सोबत होती!

ही आठवण झाली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. पुण्याहून अंबाजोगाईपर्यंत मी स्वतः मोटार चालवत जाणार, असे जाहीर केले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावरून एकच प्रश्न आला, "एकट्याच?"

"एकटी कुठे?" मी म्हणाले, "खंडू आहे की!"

खंडू म्हणजे आमचा कुत्रा. जात विचाराल तर अस्सल गावठी. रंग शेंगदाण्याच्या टरफलासारखा, एक कान उभा आणि दुसरा कायम विचारात पडलेला. एका पावसाळी रात्री आमच्या यांनी त्याला छत्रीखाली घालून घरी आणले आणि कुलदैवताच्या नावावरून नाव ठेवून टाकले, म्हणजे मला "बाहेर काढा" म्हणायची सोय उरू नये. पुढे हे गेले. छत्री अजून खुंटीला आहे आणि खंडू दाराशी.

पण ही सहल मजेची नव्हती. लेकीचे बाळंतपण अमेरिकेत व्हायचे होते आणि मला सहा महिने तिकडे जायचे होते. शहरात हल्ली कुत्र्यांची वसतिगृहे निघाली आहेत. दोन पाहूनही आले. स्वच्छ होती, पण पिंजऱ्यांची रांग पाहून माझेच पाय मागे फिरले. शेवटी धाकट्या भावाने फोनवर सांगितले, "आक्का, शेतावर आणून सोड. दोन आहेत, तिसरा होईल." प्रश्न सुटला. म्हणजे माझा सुटला. खंडूला कोणी विचारलेच नव्हते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. कुत्र्याला घेऊन लांब जायचे तर तयारी लेकुरवाळीसारखीच करावी लागते. आदल्या रात्री हलके जेवण आणि निघताना पोट रिकामे, नाहीतर पहिल्याच घाटात मोटारीची शोभा होते. पाण्याचे भांडे, दहीभाताचा डबा, जुनी चादर, रेबीजच्या लशीची नोंद असलेले कार्ड. मागच्या आसनावर त्याला छातीपट्ट्याने बांधले. पुढे बसवायचे नाही, कारण अपघातात फुगणारी पिशवी माणसाच्या मापाची असते, कुत्र्याच्या नव्हे. दर दोन तासांनी थांबा. आणि एक नियम अगदी कटाक्षाने पाळायचा: उभ्या मोटारीत त्याला कोंडून जायचे नाही. ऑक्टोबरच्या उन्हात काचा लावलेली मोटार थोड्या वेळात भट्टी होते आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. म्हणजे चहासुद्धा टपरीबाहेर उभ्यानेच प्यायचा.

यातून एक गंमत कळली. एकटी बाई टपरीवर उभी राहिली की लोक पाहतात. कुत्र्याची दोरी धरून उभी राहिली की लोक बोलतात. शिरूरला एकाने त्याचे वय विचारले, नगरला दुसऱ्याने बिस्कीट दिले, कड्याला एक आजोबा आपल्या मेलेल्या कुत्र्याची कथा सांगत पंधरा मिनिटे उभे राहिले. मला कोणी नाव विचारले नाही. मी खंडूची सोबत होते.

आष्टीत रेल्वेचीच चर्चा चालली होती. नगरहून आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली होती ती त्याच वर्षी, २३ सप्टेंबरला. बीडला रेल्वे येणार, येणार, हे पालुपद ऐकत आमच्या पिढीचे केस पांढरे झाले. ती बीडला पोहोचली पुढे, १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मी त्या दिवशी घरात पेढे वाटले. खंडूलाही अर्धा दिला.

जामखेड मागे पडले आणि सौताड्याच्या अलीकडे समोरून बैलगाड्यांची रांग आली. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. कोणी ट्रॅक्टरने, कोणी ट्रकने, कोणी आपल्या बैलगाडीने. गाडीवर पत्र्याची पेटी, भांडी, सरपण, कोंबड्या, वर बसलेली म्हातारी. आणि एका गाडीखाली, दोन चाकांच्या मधोमध, बैलांच्या चालीने चाललेले एक काळे कुत्रे.

गाड्याखालच्या कुत्र्याला वाटते की गाडा आपणच ओढतो, असे आपण म्हणतो. लहानपणापासून किती जणांना उद्देशून ही म्हण ऐकली असेल! पण खरे कुत्रे त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिले. त्याच्या तोंडावर गर्व वगैरे काही नव्हता. डांबर तापले होते आणि सबंध रस्त्यावर सावली तेवढीच होती. ते शहाणे कुत्रे सावलीतून चालले होते.

पुढे एका लिंबाखाली गाड्या थांबल्या. मीही थांबले. खंडू आणि ते काळे कुत्रे यांनी एकमेकांभोवती फिरून रीतसर चौकशी केली, आणि तेवढ्यात त्या गाडीवरची बाई माझ्याकडे आली. वय तिशीचे असेल.

"कुठं निघालात मावशी?"

"अंबाजोगाईला. भावाकडे."

"मालक न्हाईत सोबत?"

"गेले. दोन वर्षं झाली."

ती क्षणभर गप्प राहिली. मग अगदी सहज म्हणाली, "म्हंजी अर्धा कोयता."

तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. माझ्या वैधव्याबद्दल गेल्या दोन वर्षांत पुष्कळांनी पुष्कळ बोलून दाखवले होते, पुस्तकेही भेट दिली होती. इतके नेमके कोणी बोलले नव्हते.

मी विचारले, "मुलं कुठे आहेत?"

"दोघं. सासूपाशी ठिवलीत. साळा बुडती ना." मग तिने कुत्र्याकडे मान वळवली. "ह्येला पण ठिवलं होतं. बांधून आलो. दुसऱ्या मुक्कामाला हजर! दोर तोडून आलं."

"मग आता?"

"आता काय, चाललंय." ती हसली. "लेकरांना सांगता येतं मावशी, सहा महिन्यांनी येतो म्हणून. रडत्यात, पर त्यांना कळतं. ह्येला कसं सांगायचं, परत येणार हाये म्हणून?"

मुकादमाने हाक मारली. गाड्या हलल्या. काळे कुत्रे आपल्या सावलीत शिरले. मी गाडी सुरू केली, पण पाटोदा कधी गेले, मांजरसुंबा कधी आले, मला कळले नाही. आरशात खंडूचे डोके दिसत होते. तो खिडकीबाहेर बालाघाटचे डोंगर पाहत होता, पूर्ण विश्वासाने. धर्मराजाने कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात पाऊल ठेवायला नकार दिला होता. माझ्या पर्समध्ये विमानाचे तिकीट होते.

केज ओलांडून चारच्या सुमारास अंबाजोगाई गाठली. आधी योगेश्वरीची ओटी भरायला गेले. खंडूला घेऊन बाहेर उभा राहायला भाचा आला होता. आमच्या गावची देवी कुमारिका. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, मुहूर्त टळला आणि ती इथेच राहिली, अशी कथा आम्ही पाळण्यापासून ऐकली. एकटी राहिलेली देवी आहे, पण तिच्या दारात कोणी "एकट्याच?" म्हणून विचारत नाही. त्या दिवशी मी तिच्याकडे काही मागितले नाही. खंडूला समजेल असा एखादा शब्द सुचतो का, एवढे मात्र पाहत होते.

शेतावर दोन रात्री राहिले. भावाच्या कुत्र्यांनी पहिल्या दिवशी गुरगुर केली, दुसऱ्या दिवशी तिघे मिळून मुंगसामागे धावले. मला तेवढ्यातही काळजीला विषय सापडला. बांधावर वानरे दिसली आणि मला माजलगाव तालुक्यातले लऊळ आठवले. २०२१ च्या डिसेंबरात तिथे वानरांनी कुत्र्यांची पिल्ले उचलून छपरांवर, झाडांवर नेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या, आणि वनखात्याने दोन वानरे पकडली होती.

भाऊ म्हणाला, "आक्का, पिल्लं नेली होती. हा वीस किलोचा बाप्या आहे. वानर त्याला उचलायचं म्हणजे दोघं लागतील."

निघताना मी यांची जुनी लोकरीची टोपी खंडूच्या चादरीवर ठेवली. त्याला म्हटले, "सहा महिन्यांनी येते." त्याने शेपूट हलवली. मी काहीही म्हटले तरी तो शेपूट हलवतो. फाटकापर्यंत तो मोटारीमागे आला, भावाने पट्टा धरला. आरशात पाहायचे नाही, असे ठरवले होते. पाहिलेच.

अमेरिकेत नातू झाला. फार गोड आहे. भाऊ फोनवर खंडू दाखवायचा. माझा आवाज ऐकून तो फोनच्या मागे जाऊन हुंगायचा, तिथे मी नसायची. दोन वेळा असे झाल्यावर मी भावाला म्हटले, नको दाखवूस.

२०२३ च्या एप्रिलात परत आले आणि त्याच आठवड्यात अंबाजोगाईला निघाले. त्या खेपेला मात्र मी खरोखरच एकटी होते. टपरीवर कोणी बोलले नाही.

शेतावर पोहोचले. खंडू लिंबाखाली बसला होता. उठला, आला, माझा हात हुंगला आणि वळून माझ्याकडे पाठ करून बसला. भाऊ म्हणाला, "रुसलाय." जेवण झाले, दुपार झाली, पाठ तशीच. मला वाटले, हिशेब बरोबर आहे. याला इथेच राहू द्यावे. मोकळे रान आहे, मित्र आहेत. चहा घेऊन मी पिशवी ठेवायला मोटारीचे मागचे दार उघडले, तर माझ्या हाताखालून काहीतरी सुर्रकन आत गेले. पाहते तो खंडू आपल्या जागेवर, आपल्या खिडकीपाशी, समोर रस्त्याकडे तोंड करून! माझ्याकडे अजूनही पाहत नव्हता. पण तोंडात ती लोकरीची टोपी होती.

परतताना सौताड्याच्या रस्त्याला गाड्या घराकडे निघालेल्या दिसल्या. ती बाई काही भेटली नाही. पण प्रत्येक गाडीखाली मी वाकून पाहत होते. काही गाड्यांखाली कुत्री होती, आणि ती सावलीतून चालली होती.

आता कोणी मला म्हटले, "या वयात कुत्र्याचे लोढणे कशाला ओढता?" तर मी हसते. ओढते मी की तो, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. सावली आहे, तोवर चालायचे.