फिटरची होडी

यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर म्हणून उमेदीची वर्षं गेली की माणसाला एक खोड लागते. दुसऱ्याला पैसे देऊन काम करून घेणं कमीपणाचं वाटतं. सोलापुरातलं घर मी असंच सांभाळलं. चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी साठवायची टाकी, तिचे कॉक, गच्चीची गळती, सगळं स्वतःच्या हातानं. निवृत्तीनंतर उजनीच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला, एक जुनी फायबरची होडी घेतली. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की रात्रीचा मुक्कामही तिच्यातच. घरी जन्मात बिघडवलं नसेल तेवढं मी त्या होडीत बिघडवलं.

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. सुमारे 117 टीएमसी साठ्यातला 63 टीएमसी मृतसाठा. साठा त्याखाली गेला की येणारी ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी सोलापूरकर नळाच्या काळजीनं वाचतो; होडीवाल्याची काळजी वेगळी. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे होडीच्या तळाला लागतात. माझ्या होडीला तशीच चीर गेली.

मी आतून एम-सील थापलं. नळाच्या जोडाला चालतं, मग इथं का नाही? थोड्याच दिवसांत पायाखाली पुन्हा पाणी. शेजारी जाळं विणत बसलेला मच्छीमार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “मालक, पाणी भायेरनं येतंय, तुमी आतनं का बुजवताय?” त्यात सगळं आलं. बाहेरच्या पाण्याचा दाब आतलं ठिगळ ढकलून काढतो. शिवाय लाटेगणिक होडीचा तळ थोडा लवतो, एम-सीलचा गोळा लवत नाही. होडी पालथी घालायची, चिरेभोवतीचं फायबर उतरतं घासायचं, पुरतं वाळू द्यायचं आणि मग बाहेरून मॅट-रेझिनचे थर चढवायचे, ही खरी रीत.

ती रीत मी पाळली, पण एप्रिलच्या भर दुपारी. रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात आधी कोबाल्ट आणि मग हार्डनर घालतात. हार्डनर शेकडा एक-दोन भाग पुरतो, कडक उन्हात त्याहून सांभाळून. मागाला तेल घालावं तसं मी अंदाजानं ओतलं. मगमधून धूर निघाला, प्लॅस्टिक वितळलं, आणि रेझिनचा दगड झाला. दुकानदाराला सांगितलं तर त्यानं दुसरंच विचारलं, “दोन्ही बाटल्या ठेवता कुठं?” एकाच डब्यात ठेवत होतो. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडू शकतो, हे तेव्हा कळलं.

ही झाली हात भाजण्याची कामं. सगळ्यात मोठी चूक मी फार हौसेनं केली होती, आणि तिचं कौतुकही झालं होतं. बसायच्या फळीखाली थर्माकोल भरून बंद केलेली पोकळी होती. एवढी जागा वाया? मी ती कापली, थर्माकोल फेकला, बिजागरीचं झाकण बसवलं आणि आत स्टोव्ह, भांडी, सोलापुरी चादरी ठेवल्या. होडीत पाणी भरलं तरी तिला तरंगत ठेवणारी तो थर्माकोल हीच एक वस्तू होती. वर उन्हासाठी अँगल उभे करून पत्रा ठोकला. वळवाच्या वाऱ्यात तो पत्रा शिडासारखा वारा धरतो आणि त्याच्या वजनानं होडी आणखी डोलते, हे डोक्यातच आलं नाही. काम मात्र सुबक झालं होतं. वेल्डिंग तर आजही नावाजण्यासारखं.

21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगाव–कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. माझी होडी त्या दिवशी काठावर बांधलेली होती. त्या होडीचं काय झालं यावर मी बोलणं बरोबर नाही. माझ्या होडीपुरतं सांगतो: तसा वारा तिला पाण्यात गाठता, तर पत्र्यानं तिला उलथवलं असतं आणि भांड्यांच्या कप्प्यानं बुडवलं असतं.

पत्रा उतरवला. फळीखालची पोकळी होडी बनवणाऱ्या कारागिराकडून, पैसे मोजून, पुन्हा भरून बंद करून घेतली. स्टोव्ह आता काठावर पेटतो.

भिगवणला किंवा करमाळ्याच्या काठावर पक्षी पाहायला आलात, तर होडीवाल्याला फळीखाली काय आहे ते जरूर विचारा. आणि लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका.