माघारीची जागा

नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी पोरांना दोन्ही हात पुढे करायला लावतो. कुणाच्या तळव्याला अजून शेतातले घट्टे असतात, कुणाच्या नखांत गॅरेजचं ग्रीस. "काय आहे हातात?" मी विचारतो. "काही नाही, सर." "हेच हात घेऊन बारा-बारा तास उभं राहायचंय," मी सांगतो, आणि मग पहिला तास सुरू होतो.

या कामात मला सव्वीस वर्षं झाली. आधी गोदाम, मग एटीएम, मग रुग्णालय. रुग्णालयात आधी रक्षक होतो, पुढे सुपरवायझर झालो आणि आता नव्या पोरांना शिकवतो. गोदामावर येणारा चोर आपल्याला चुकवायला बघतो. रुग्णालयाच्या गेटवर येणारा माणूस चोर नसतो. त्याचं माणूस आत पडलेलं असतं, दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो, पैशांची जुळवाजुळव चाललेली असते. आत काय चाललंय हे त्याला कुणी धड सांगत नाही, आणि वर 'पास दाखवा' म्हणून त्याला अडवायला आम्ही असतो. त्याच्या रागाला समोर सापडणारं पहिलं तोंड आमचं.

लोकांना वाटतं, वर्दी चढली की अधिकारही चढतो. तसं नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली जे नमुना नियम झाले, त्यांत पुरुष रक्षकाची उंची किमान १६० सेंटीमीटर हवी, एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे, शिट्टी कुठल्या खिशात ठेवायची, बूट लेसचे हवेत, इथपर्यंत सगळं आहे. प्रशिक्षण १६० तासांचं: १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष कामावर. अधिकार मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकाला आहेत तेवढेच. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर त्या माणसाला धरून ठेवता येतं, पण विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० आहे ते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर कुणी आलं तर बचाव करता येतो, तोही गरजेपुरता. झडती घ्यायची तर समोरच्याच्या संमतीनं. हे मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, कारण स्वतःला पोलीस समजणारा पोरगा गेटवर भांडण विझवत नाही, पेटवतो.

मग मोकळ्या हातांनी करायचं काय? पुष्कळ काही असतं.

समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं, पण लक्ष त्याच्या हातांवर ठेवायचं. माणूस तोंडानं ओरडत असतो तोवर बहुतेक वेळा निभावतं. ओरडणं एकदम थांबलं आणि हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेला की सावध व्हायचं. रुग्णालयात कुणी तलवार घेऊन येत नाही. हेल्मेट असतं, सलाईनचा स्टँड असतो, प्लास्टिकची खुर्ची असते, आग विझवायचं नळकांडं असतं. उभं राहायचं ते थोडं तिरकं, एका हाताच्या अंतरापेक्षा पाऊलभर लांब, तळवे छातीसमोर उघडे. समोरच्याला ते विनवणीचे हात दिसतात, आणि अंगावर काही आलंच तर तेच हात डोक्याआधी पोचतात. हाताची घडी नको, हात खिशात नकोत, पाठीमागे तर मुळीच नकोत. गळ्यात ओळखपत्राची फीत घालू देत नाही मी. तीच फीत धरून माणसाला फरफटत नेलेलं मी पाहिलंय. ओळखपत्र खिशाला चाप लावून अडकवायचं.

पण खरं काम याच्या कितीतरी आधी सुरू होतं. रुग्णालयात मारामाऱ्या होतात त्या बहुतेक एकाच क्षणी: वाईट बातमी कानावर पडली की. म्हणून मी प्रत्येक वॉर्डच्या सिस्टरांना हात जोडून सांगत आलो, बातमी सांगायच्या आधी आम्हाला एक फोन करा. पाच मिनिटं द्या. त्या पाच मिनिटांत नातेवाइकांतला सगळ्यात वडीलधारा माणूस कोण, ते आम्ही हेरतो. खरं तर आल्या दिवसापासून हेरून ठेवलेलं असतं. घरात शब्द कुणाचा चालतो हे पास देतानाच कळतं. त्या काकांना किंवा मामांना आणि आईला किंवा बायकोला अशा दोघांनाच एका खोलीत न्यायचं. बसायला खुर्ची, प्यायला पाणी. डॉक्टरांनीही बसून बोलायचं, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं. बाकीची माणसं खाली मोकळ्यावर. लेडीज गार्ड आईच्या बाजूला उभी. मग बातमी.

हे जिथे नीट झालं तिथे मी माणसांना भिंतीवर डोकं आपटून रडताना पाहिलंय, डॉक्टरांच्या पाया पडताना पाहिलंय, पण हात उचललेला क्वचितच पाहिला. जिथे बोळात, उभ्या उभ्या, तीस जणांच्या घोळक्यात सांगितलं गेलं, तिथे काही सांगता येत नाही.

एका रात्री बातमी बोळातच सांगितली गेली.

विशीतला मुलगा, मोटारसायकलचा अपघात. संध्याकाळपासून वस्तीतली माणसं जमत होती. 'एका रुग्णामागे दोन नातेवाईक' हा फलक आम्ही कितीही दाखवला तरी सगळ्यांना थोपवणं जमलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे चॅनेल गेट होतं, आणि त्या पॉइंटवर माझा एक रक्षक. मराठवाड्यातला, तेवीस वर्षांचा, नोकरीला सात महिने झालेले. पावणेतीनच्या सुमाराला निवासी डॉक्टरबाईंनी वॉर्डबाहेर येऊन मुलगा गेल्याचं सांगितलं. तिचंही वय फार तर सव्वीस असेल, आणि ती सलग दुसऱ्या रात्रीच्या ड्यूटीवर होती. आम्हाला फोन आला नव्हता. मी खाली मेन गेटला होतो. वरून आवाज आला तेव्हा कळलं.

चॅनेल गेट होतं, पण ते दुमडून एका बाजूला साखळीनं बांधलेलं. साखळीला कुलूप. किल्ली कार्यालयात, आणि कार्यालय संध्याकाळी बंद झालेलं. गेट कधी ओढलंच जात नव्हतं, म्हणून किल्लीची आठवण कुणाला नव्हती. मलाही नव्हती. रोजच्या तपासणीच्या रजिस्टरमध्ये 'चॅनेल गेट: ठीक' असं रोज लिहिलं जायचं आणि त्याखाली माझी सही असायची.

पुढचं मी कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात पाहिलं, कितीतरी वेळा. त्या वेळी तो पडदा बघायला कुणी बसलेलं नव्हतं. पोरानं गेट ओढून पाहिलं. एकदा, दोनदा. मग चौकटीच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून दोन्हीकडचं लोखंड पकडलं. स्वतःच गेट झाला. हात असे गुंतले की डोकं उघडं पडतं, हे मी वर्गात शिकवतो. पण त्याच वर्गात मी आणखी एक शिकवायचो, तेही आवाज चढवून: काही झालं तरी पॉइंट सोडायचा नाही.

दोन मिनिटांच्या आसपास तो उभा होता. तेवढ्यात सिस्टरनं डॉक्टरबाईंना औषधांच्या खोलीत ओढलं आणि आतून कडी लावली. डॉक्टरबाईंच्या अंगाला कुणाचं बोटही लागलं नाही. पोराच्या डाव्या कानावर हेल्मेट बसलं, मग आणखी एक. मी जिना चढून पोचलो, पोलीस चौकीतला एकटा शिपाई माझ्या मागोमाग आला, तोवर तो खाली बसला होता. कॅज्युअल्टीत टाके घालताना त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं, "सर, पॉइंट सोडला नाही."

ते वाक्य मी त्याला दिलं होतं. त्यानंतर मी ते कुणालाही दिलेलं नाही.

वर्गात एखादा पोरगा हमखास विचारतो, "सर, पण तुकाराम ओंबळे?" त्या नावाला मी उभा राहून नमस्कार करतो. साताऱ्याच्या या पोलिसानं २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या हल्ल्यात, गिरगाव चौपाटीवर अतिरेकी कसाबची एके-४७ छातीशी धरून ठेवली. हातात लाठी होती. पण त्या रात्री तिथे नाकाबंदी लागलेली होती, अडथळे होते, बिनतारी संदेश आधी आलेला होता, शेजारी बंदूकधारी सहकारी होते. त्यांच्या बलिदानामुळे कसाब जिवंत सापडला, कारण पुढचं काम करायला मागे माणसं उभी होती. माझ्या पोरांच्या मागे कोण उभं आहे, हा प्रश्न मी त्यांच्यासमोर नाही, व्यवस्थापनासमोर ठेवतो.

त्याच रात्रीचं कामा रुग्णालय मला जास्त शिकवून गेलं. दोन अतिरेकी सीएसटीकडून तिथे शिरले. रुग्णालयाचे दोन पहारेकरी आवारातच मारले गेले. मोकळ्या हातांचा माणूस स्वयंचलित रायफलीपुढे काय करणार होता? आणि प्रसूती विभागात अंजली कुलथे या परिचारिकेनं वॉर्डची जड दारं लावून घेतली आणि वीस गरोदर बायकांना टोकाच्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्या सगळ्या वाचल्या. दार होतं, ते लागत होतं, आणि कुठे लपायचं हे तिला सुचलं. शौर्य तर होतंच. पण ते दार साखळीनं बांधलेलं असतं तर?

आपल्याकडे घटना घडली की रक्षकांची संख्या वाढवतात. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण झाली, राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सरकारी रुग्णालयांसाठी १,१०० रक्षक द्यायचं ठरलं. माणसं वाढली ते बरंच झालं, एकट्यापेक्षा दोघं केव्हाही बरे. पण न लागणाऱ्या गेटपाशी एकाच्या जागी चार उभे केले, तर मार चौघांत वाटला जातो, एवढंच. शिवाय २०१० पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. त्यातल्या व्याख्येत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी आहेत, निमवैद्यकीय कर्मचारी आहेत. त्यांच्यापुढे उभा राहून पहिला फटका खाणाऱ्या रक्षकाचं नाव मात्र त्या यादीत नाही. ते असायला हवं, असं मी प्रत्येक बैठकीत बोलतो.

आता माझ्या पॉइंटच्या आराखड्यात प्रत्येक जागेसमोर एक रकाना जास्त असतो: माघारीची जागा. रक्षकानं कुठवर थांबायचं आणि तिथून कुठे जायचं. तो मागे सरकेल ते कुठल्यातरी दाराच्या आत, आतल्या माणसांना बरोबर घेऊन, आणि ते दार लावून. त्याआधी त्यानं तीन कामं करायची: बघायचं, कळवायचं, जमेल तेवढा वेळ काढायचा. पोलीस पोचेपर्यंतचा वेळ विकत घ्यायचा, पण त्याची किंमत स्वतःच्या डोक्यानं मोजायची नाही. दर महिन्याला रात्रीच्या पाळीत आम्ही रंगीत तालीम करतो. घंटा वाजवायची, चॅनेल गेट ओढायचं, कुलूप लावायचं, किती सेकंद लागले ते लिहायचं. पहिल्या तालमीला तीन मिनिटं लागली, कारण चाकं गंजली होती. तेल घातलं. आता वीस सेकंदांत लागतं. रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहायला बंदी आहे, सेकंद लिहायचे.

एका व्यवस्थापकांनी मला विचारलं होतं, "मागेच जायचं, तर रक्षक ठेवायचा कशाला?" मी त्यांना त्या चॅनेल गेटपाशी नेलं, दुसऱ्या मजल्यावर, रात्री, आणि सांगितलं, साहेब, पाच मिनिटं इथे उभे राहा. त्यांनी नंतर प्रत्येक मजल्यावर घंटा बसवून दिली.

आमच्या रुग्णालयातल्या त्या रात्रीच्या चौकशी अहवालात सुरक्षा व्यवस्था अपुरी पडल्याचं लिहिलं होतं. किल्लीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पोराच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही. त्याच नमुना नियमांत, उंची आणि पळण्याच्या अटींच्या शेजारी, रक्षकाच्या श्रवणात दोष नसावा अशीही अट आहे. तपासणीत तो नापास झाला आणि गावी परतला. दिवाळीला त्याचा फोन येतो. मोबाइल उजव्या कानाला लावून बोलतो आणि विचारतो, "सर, गेट लागतं ना आता?"

तुम्ही रुग्णालय चालवत असाल, कारखाना, शाळा, सोसायटी, काहीही चालवत असाल, तर आज रात्री पाळी बदलल्यावर एकदा खाली जा. गेटवरच्या माणसाला गेट ओढून लावायला सांगा आणि कुलपाची किल्ली आत्ता कुणाकडे आहे ते विचारा.