पोर्च वाढवायचं की मागे वेगळं शेड? प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही

राजेहो, दोन महिन्यांपासून आमच्या घरी एकच वाद सुरू आहे. भावाने गाडी घेतली. घराला लागून असलेल्या पोर्चमध्ये आधीच एक गाडी, बाबांचा जुना स्कूटर आणि माझ्या पेपरचे वीस वर्षांचे गठ्ठे. मग पोर्च वाढवून शटरवालं गॅरेज करायचं, की मागच्या परसात, विहिरीजवळ, वेगळं शेड टाकायचं?

मिस्त्रीचा हिशोब सोपा होता. "भाऊ, एक भिंत तर आहेच. तीनच बाजू बांधा लागतील." खर्च कमी, वायरिंग जवळ, पावसात न भिजता गाडीतून थेट घरात. पश्चिमेचं ऊनही गॅरेज झेलेल. मे महिन्यात ४५ डिग्रीत राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट लहान वाटत नाही.

पण आपली जमीन काळी आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते, भेगा पडतात. तीस वर्षांपूर्वीचं घर आपल्या जागी बसलेलं असतं, नवा पाया नंतर बसतो. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधले की जोडावर तडा ठरलेला, आणि पावसाळ्यात तिथूनच ओल. म्हणून जाणकार इंजिनिअर सांगतात की नव्या बांधकामाचे कॉलम वेगळे घ्या, मध्ये जॉइंट सोडा, पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत न्या. म्हणजे 'एक भिंत फुकट' हा हिशोब तिथेच कोलमडतो.

वेगळ्या शेडचे फायदेही खरे आहेत. पेट्रोलचा वास, गाडीचा धूर, चार्जिंगला लावलेली बॅटरी, सगळं झोपायच्या खोलीपासून दूर. पूर्वी गावात कोठा घरापासून वेगळा असे. सिव्हिल लाइन्समधल्या इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांनाही आउटहाऊस मागे, सुटं. पण त्या बंगल्यांना एकरभर आवार होतं, आमचा प्लॉट ४० बाय ६०. मागे शेड टाकायचं तर गाडी तिथे न्यायला बाजूची मोकळी पट्टी फरशीने झाकावी लागेल आणि कडुनिंब कापावा लागेल. विहिरीभोवतीची उघडी मातीही जाईल.

इथे मला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. बातमीसाठी फिरताना चिखलात रुतलेल्या गाड्या पाहिल्या, तळमजल्यावरचे भिजलेले संसार पाहिले. तलाव आणि नदीचा प्रश्न मोठा आहे, तो एकेका घराच्या अंगणाने सुटणार नाही. पण गल्लीत पडलेलं पाणी कुठे मुरतं, कुठून वाहतं, हे अंगणंच ठरवतात. घराभोवती सोडायची मोकळी जागा, जिला आपण मार्जिन म्हणतो, ती हवा आणि उजेडासाठी असते, आग लागली तर माणूस शिरावा म्हणूनही असते. आपण तिला वाया गेलेली जागा समजतो.

त्यात आता सिमेंट रस्ते. अनेक वस्त्यांत रस्ता वर आणि घराचं अंगण खाली. त्यामुळे जो तो गेटसमोर रॅम्प ओततो, रॅम्पखाली नाली बुजते. माझ्या गॅरेजची फरशी मी उंच केली तर पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार. शेजारी काकू एकट्या राहतात. त्यांनी भिंत उंच केली की पाणी पुढच्या घरात.

दुसरा समज असा की, "गॅरेज म्हणजे काय बांधकाम थोडीच!" १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार बांधकामाला परवानगी लागते, ते घराला चिकटलेलं असो की सुटं. मार्जिनमध्ये भिंती घालून शटर लावलं तर नोटीस येऊ शकते. आणि उद्या त्याच गॅरेजात दुकान किंवा भाडेकरू आला की गाडी रस्त्यावर. संध्याकाळी कोणत्याही लेआउटमध्ये फिरून बघा, दोन्ही बाजूंनी गाड्या, मधून अग्निशमनची गाडी जाईल का? नियमात एका गाडीला जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. आपण ती घरात मोजत नाही, म्हणून रस्त्यावर मोजावी लागते.

शेवटी बाबा म्हणाले, "गाडी आत अन् पाणी लोकाच्या घरात, असं नको करू." त्यांच्या या वाक्यानंतर निर्णय व्हायला वेळ लागला नाही. मागचं शेड रद्द. कडुनिंब आणि विहीर राहील. पोर्च पुढच्या बाजूला फक्त दुसऱ्या गाडीपुरतं वाढवतोय, तेही नकाशा मंजूर झाल्यावरच. कॉलम वेगळे, शटर नाही, बाजूला भिंत नाही. छताचं पाणी पाइपने गाळून विहिरीत. बाजूची पट्टी माती आणि मुरमाचीच राहील. पेपरचे गठ्ठे चाळतोय, कामाची कात्रणं ठेवून बाकी रद्दीत.

खर्च मिस्त्रीच्या पहिल्या आकड्याहून जास्त आहे आणि भावाची गाडी दोन बाजूंनी उघडी राहणार, त्यामुळे तो जरा नाराज आहे. चालायचंच.

तुम्हीही बांधकाम काढणार असाल तर आधी एक काम करा. जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कोणत्या बाजूने जातं ते बघा. मग मिस्त्रीला बोलवा. तुमच्या लेआउटमध्ये रस्ता वर आहे की घर, तेही सांगा.