लाज कोणाची?

पुणे-नाशिक महामार्गावरील आमच्या मोशीच्या अलीकडे भोसरीची औद्योगिक वसाहत आहे, तर इंद्रायणी ओलांडून पुढे गेले की चाकणचे कारखाने लागतात. अशा परिसरात जुन्या वस्तूंची पेठ कधी ओस पडत नाही. एका कारखान्याने काढून टाकलेल्या यंत्रावर दुसऱ्याचे वर्कशॉप उभे राहते आणि त्यावर एखाद्या घराची चूल पेटते. लिलावही आम्हाला परका नाही. चाकणच्या बाजारात कांद्याची बोली लागते तेव्हा ढीग समोर असतो, कांदा हातात घेऊन दाबून पाहता येतो आणि बोली बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. इंटरनेटवरील लिलावात बोली तेवढी उरली. ढीग आणि माणूस दोन्ही दृष्टीआड झाले.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची ही हकीकत. घरधन्याचे छोटेसे वर्कशॉप आहे. त्यांना जुनी लेथ हवी होती. इंटरनेटवरील एका लिलावात ती दिसली. छायाचित्रे सुबक, किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी आणि मुदत संपायला अवघे दोन तास. कोणी अज्ञात इसम सारखी बोली चढवीत होता, म्हणून यांनीही चढवली. बोली यांच्या नावावर सुटली आणि लगेच विक्रेत्याचा दूरध्वनी आला. आधी इसार, मग वाहतुकीचा खर्च, मग कराची रक्कम, असे तीन हप्ते गेले. त्यानंतर तो क्रमांक बंद झाला. लेथ कधी आलीच नाही.

पैसे गेल्याचे दुःख मोठे होतेच. परंतु त्याहून मोठे दुःख आम्हाला पुढे कळले. त्या गृहस्थांनी आठ दिवस पत्नीलाही काही सांगितले नाही. "लोक काय म्हणतील, फादर? एवढा शिकलेला माणूस आणि असा फसला!" एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. चोराच्या वाट्याची लाज ते स्वतःच्या खांद्यावर वाहत होते.

फसवणुकीची ही कला नवी नाही. रोमन विचारवंत सिसेरो याने सिराक्यूज नगरातील पिथियस नावाच्या सावकाराची गोष्ट लिहून ठेवली आहे. कानियस नावाच्या रोमन सरदाराला समुद्रकाठची बाग हवी होती. पिथियसने त्याला मेजवानीस बोलावले आणि कोळ्यांना सांगून बागेसमोर होड्यांची दाटी करविली. ताज्या मासळीच्या राशी पाहून कानियसने मागेल ती किंमत देऊन बाग घेतली. दुसऱ्या दिवशी समुद्रावर एकही होडी नव्हती. आजच्या लिलावातील खोटे बोलीदार म्हणजे त्या भाड्याच्या होड्याच होत. सन २००० मध्ये अमेरिकेतील केनेथ वॉल्टन या वकिलाने 'ईबे'वर एक चित्र विकायला ठेवले. ते नामांकित चित्रकाराचे असावे असा आभास त्याने निर्माण केला होता. बोली पाव डॉलरपासून सुरू होऊन एक लाख पस्तीस हजार डॉलरांच्या वर गेली. बोली चढविणाऱ्यांत तो स्वतः आणि त्याचे साथीदार होते. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

याच 'ईबे'चा आरंभ मात्र किती निराळा! १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी तेथे विकलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. तो मोडका असल्याचे त्यांनी ग्राहकाला आधीच स्पष्ट केले होते. वस्तू जुनी असो, मोडकी असो, विक्रेत्याची जीभ खरी असली की व्यवहार शुद्ध राहतो.

संत थॉमस अॅक्विनास यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील लबाडीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. दोष ठाऊक असून माल विकणारा फसवणूक करतो आणि त्याने नुकसान भरून दिलेच पाहिजे, असे ते सांगतात. विशेष म्हणजे ते खरेदीदारालाही सोडत नाहीत. विक्रेता अजाणतेपणी सोने तांब्याच्या भावात देत असेल आणि घेणाऱ्याला ते कळत असेल, तर तोही अन्याय करतो. म्हणून फार स्वस्त दिसणाऱ्या वस्तूपुढे आपण थांबावे आणि 'ही एवढी स्वस्त का?' असा प्रश्न स्वतःला विचारावा. मात्र हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीचा आहे. फसल्यानंतर तोच प्रश्न घरच्यांनी विचारला की त्याची काठी होते.

'खरेदीदाराने सावध असावे' या जुन्या लॅटिन सूत्राचा आधार घेऊन पुष्कळ जण फसलेल्यालाच दोषी ठरवितात. आपला कायदा तसे म्हणत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. लिलावात विक्रेत्याने खोटी बोली लावून किंमत फुगविली, तर तो व्यवहार रद्द ठरविण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे.

योगायोग असा की, आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार देण्याच्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांकही १९३० हाच आहे. तक्रार पोहोचताच ज्या ज्या खात्यांतून पैसा पुढे सरकतो, त्या बँकांना कळविले जाते आणि शिल्लक असलेली रक्कम तेथे रोखून धरता येते. चोर पैसा पुढे पुढे ढकलीत असतो. म्हणून पहिले काही तास मोलाचे. आता त्या आठ दिवसांच्या मौनाची किंमत वाचकांच्या ध्यानी येईल. लाजेने ते आठ दिवस चोराला आंदण दिले.

तेव्हा चार गोष्टी घरोघरी बोलल्या जाव्यात. यंत्र किंवा गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, चालवून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. विक्रेता सैन्यातील जवान असल्याचे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र धाडतो, एवढ्यावर विसंबू नये. ही बतावणी आता सर्रास झाली आहे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. 'तुमचे पैसे परत करतो, पिन टाका' असे कोणी म्हणाले, तर तो पैसे काढून घेत आहे असे समजावे. आणि ठरल्या जागेबाहेर वेगळ्या खात्यात पैसे मागितले, तर तेथेच व्यवहार थांबवावा.

एवढे करूनही एखादा फसेल, कारण चोरही अभ्यास करतो. अशा वेळी पती, पत्नी, मुलगा किंवा म्हातारे वडील घाबऱ्याघुबऱ्या घरी आले, तर "तुला अक्कल नव्हती का?" हे वाक्य ओठांवरच थोपवावे. त्यांना पाणी द्यावे, शेजारी बसावे आणि १९३० फिरवावा. जो आपल्या माणसांपाशी निर्भयपणे बोलू शकतो, त्याचे पैसे वाचण्याची आशा असते; आणि पैसे नाही वाचले, तरी तो माणूस वाचतो.