नावाड्याच्या दारावरून

काशी-रामेश्वर पुष्कळांनीं पाहिलें. आज आम्ही वाचकांस पाऊल न ठेववणाऱ्या गांवीं नेतों. प्लूटो या बटुग्रहाचा चंद्र शेरॉन १९७८ सालीं जेम्स क्रिस्टी यांस सांपडला. मृतांस नदीपार नेणाऱ्या ग्रीक पुराणांतील नावाड्याचें हें नांव. व्यास सुमारें १२१२ किलोमीटर, प्लूटोच्या निम्मा. अंगावर पाण्याचें बर्फ, उत्तर ध्रुवावर तांबूस डाग. दोघेहि सुमारें ६.४ दिवसांच्या फेऱ्यांत परस्परांकडे तेंच मुख ठेवितात. १४ जुलै २०१५ रोजीं न्यू होरायझन्स यान तेथून गेलें. १९३० सालीं प्लूटो शोधणारे क्लाइड टॉम्बॉ यांच्या रक्षेचा अंश त्यांत होता. आमच्याकडे अस्थि गंगेस पोंचवितात. हा यात्रेकरू मात्र नावाड्याच्या दारावरून, न थांबतां, पुढेंच गेला.