वहिनी नव्हे, बहिनी

थर्ड इयरला आलं की होस्टेलमध्ये एक ताप येतो. परदेशाचा! कोणाच्या टेबलावर जीआरईच्या शब्दांचे गठ्ठे, कोणी तोंडात ब्रश धरून जर्मन क्रियापदं चालवतंय, आणि मेसच्या रांगेत एकच चर्चा : तिथे गेल्यावर पार्टटाइम जॉब मिळेल का, आणि भाषा आली नाही तर काय? या शेवटच्या प्रश्नावर आमच्या विंगमध्ये इतकं तत्त्वज्ञान झालंय की व्हायवात विचारलं तर सगळ्या जणी पास होतील.

गंमत अशी, की ही चर्चा ज्याच्यासमोर ताट धरून चालते तो माणूस परदेशातच राहतोय. भाषा धड न येता, मिळेल ते काम करत. फक्त त्याच्या परदेशाचं नाव पुणे आहे, म्हणून आमच्या ते लक्षात येत नाही.

मी त्यांना दाई म्हणते. नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ. (आईला फोनवर म्हटलं, "अगं, दाईंशी बोलत बसले होते," तर ती केवढ्याने ओरडली, "होस्टेलमध्ये दाई कशाला?") खरं नाव मासिकात छापू नको, म्हणाले. तसंही नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. अर्धी मेस 'बहादूर' म्हणते, अर्धी 'कांचा'. आता, कान्छा म्हणजे घरातलं शेंडेफळ. नेपाळीत भावंडांना क्रमाने नावं असतात : जेठा, माइला, साइला, काइला आणि सगळ्यात शेवटी कान्छा. दाई पाचांत थोरले, म्हणजे जेठा. ज्याच्या पगारावर धाकट्या चौघांची शाळा झाली, त्याला मेस दिवसातून पन्नास वेळा 'ए शेंडेफळा' म्हणून बोलावते!

दाई नेपाळच्या अगदी पश्चिमेकडच्या बझांग जिल्ह्यातले. तिकडे कामासाठी भारतात जाण्याला 'कालापहाड जाणं' म्हणतात. २०१४ साली, सतरा वर्षांचे असताना, गावातल्या एका काकाबरोबर निघाले. चैनपूरहून मिळेल त्या गाडीने डडेलधुरा, तिथून खाली महेंद्रनगर, मग गड्डाचौकीची सीमा. महाकालीच्या बंधाऱ्यावरून चालत अलीकडे आलं की बनबसा, आणि त्याच नदीचं नाव शारदा. तिथून बसने दिल्ली, आणि दिल्लीहून झेलम एक्स्प्रेसचा जनरल डबा. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, आयईएलटीएसचा स्कोअर नाही. १९५० साली भारत आणि नेपाळमध्ये जो मैत्रीचा करार झाला, त्यात एकमेकांच्या देशात राहायची आणि काम करायची मोकळीक आहे. आखातात किंवा मलेशियाला जायचं तर नेपाळ सरकारचा श्रम परवाना लागतो, भारतात यायला तोही लागत नाही. हे ऐकून आमच्या फ्लोअरवरची एक जण म्हणाली, "काय लकी आहेत यार!" लकी खरं. पण परवाना नाही म्हणजे आपण कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. कोणी 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं तर दाखवायला एक कागद नाही.

सीमा उघडी असते असं आपण म्हणतो, तेही नेहमी खरं नसतं. २०२० च्या मार्चमध्ये ती बंद झाली, तेव्हा दार्चुलाला काही जणांनी घरी पोचण्यासाठी महाकाली पोहून पार केली. दाई तेव्हा पुण्यातच अडकले होते. "मुझे तैरना नहीं आता, अच्छा हुआ," एवढंच म्हणाले. त्याआधी २०१६ च्या नोटाबंदीत त्यांच्या आईच्या पेटीत पाचशेच्या चौदा भारतीय नोटा होत्या. बझांगमध्ये त्या बदलून देणारं कोणी नव्हतं. त्या नोटा अजून पेटीत आहेत.

आता भाषेचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

नेपाळी देवनागरीतच लिहितात. त्यामुळे दाई मेसमधल्या मराठी पाट्या धडाधड वाचतात. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड होता (शाळेने माझ्यावर बरीच कमाई केली). त्यामुळे मराठी नोटीस वाचायला मला अजूनही दाईंच्या दुप्पट वेळ लागतो. पहिल्यांदा आमची ओळख झाली ती नोटीस बोर्डापाशीच. मला अर्थ कळत होता पण वाचायला वेळ लागत होता, त्यांना वाचता येत होतं पण अर्थ लागत नव्हता. दोघांत मिळून आम्ही एक साक्षर माणूस होतो! अडले फक्त एका अक्षराशी. 'जेवणाची वेळ' मधला ळ. नेपाळीत ळ नाहीच. "यो के हो?" म्हणून बोट ठेवून उभे राहिले. म्हटलं, हे आमचं खास आहे, केळं, डाळ, फळ सगळीकडे लागतं. दोन दिवसांनी 'केलं' वरून 'केळं' वर आले.

पण लिपी एक असली म्हणून शब्द एक नसतात. नेपाळीत भोक म्हणजे भूक. पुण्यात आल्यावर पहिल्या हॉटेलात दाई तिसऱ्या दिवशी आचाऱ्याला म्हणाले, "भोक लाग्यो." आचारी त्यांच्या शर्टाला मागून-पुढून भोक शोधत बसला. ही त्यांची आवडती गोष्ट आहे, हसत सांगतात. जेवायला कधी मिळालं ते मात्र सांगत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. दाई आमच्या मेसला नुकतेच आले होते, काउंटरवर वाढायला होते. एके दिवशी रेक्टर मॅडमनी मला बोलावलं, मेस सेक्रेटरी म्हणून. ऑफिसमध्ये मेसचे काँट्रॅक्टर, फर्स्ट इयरची एक मुलगी, आणि भिंतीला पाठ लावून दाई. तक्रार अशी होती की वाढणारा माणूस तिला रोज 'वहिनी' म्हणतो. कॉलेजात वहिनी कोण कोणाला कशासाठी म्हणतं, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? घर सोडून दोन महिने झालेली मुलगी, रोज चपाती घेताना हे ऐकत होती. तिने तक्रार केली ते बरोबरच केलं.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही मुलींना वहिनी म्हणता?"

"जी. बहिनी."

"रोज?"

"जी, रोज. सबको."

झालं! काँट्रॅक्टर म्हणाले, "मॅडम, आजच्या आज घालवतो." त्यांच्या दृष्टीने केस संपली होती, आरोपीने गुन्हा कबूल केला होता. आणि दाईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की गुन्हा काय आहे हेच त्यांना कळलेलं नाही.

मला तोवर बोर्डापाशी थोडं नेपाळी मिळालं होतं. मी विचारलं, "दाई, तुमच्या घरी बहिनी कोण?"

त्यांनी दोन बोटं वर केली. मग खिशातून फोन काढला आणि एक फोटो मॅडमच्या टेबलावर ठेवला. तिहारचा, म्हणजे आपल्या दिवाळीतला. दाई जमिनीवर बसलेत, गळ्यात मखमलीची जांभळी माळ, आणि दोन वेण्यांची एक मुलगी त्यांच्या कपाळावर सात रंगांचा टीका लावतेय. आपली भाऊबीज, तिकडची भाइटीका. "बहिनी," दाई म्हणाले, मुलीवर बोट ठेवून. "छोटी. नौवीं में."

फर्स्ट इयरची ती मुलगी फोटोकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे... धाकटी बहीण?"

तक्रार तिथेच मागे घेतली. पण काँट्रॅक्टरनी दाईंना काउंटरवरून उचलून मागे भांडी घासायला टाकलं, आणि 'ऑफिसची भानगड' म्हणून दोन दिवसांचा पगार कापला. कोणी चुकलं नव्हतं, तरी दंड झाला. तोही ज्याच्याकडे सगळ्यात कमी शब्द होते त्याला.

त्याच सुमारास माझा मामेभाऊ जर्मनीला शिकायला गेला होता. त्यानेही तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचंच काम धरलं. मामी सगळ्यांना सांगते, "तो जर्मनीत जॉब करतो," आणि ते खोटं नाही. २०२५ साली तिथे किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, आणि परदेशी विद्यार्थ्याने वर्षात १४० पूर्ण दिवसांपर्यंत काम करायला कायद्याने परवानगी आहे. सगळं लेखी. तो पुण्यात मॅक्स म्युलर भवनमध्ये दोन लेव्हल शिकून गेला होता. त्याची तक्रार उलटी. म्हणाला, "मला स्वतःची ओळख करून देता येते, छंद सांगता येतात, स्टेशनचा रस्ता विचारता येतो. पण किचनमध्ये मागून कोणी ओरडलं तर कळत नाही की भांडं गरम आहे की मी चुकीच्या जागी उभा आहे!" क्लासमध्ये त्याला सगळ्यांना 'झी' म्हणायला, म्हणजे अहो-जाहो करायला शिकवलं. किचनमध्ये सगळे 'डू', म्हणजे अरे-तुरे.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात दाईंचं मराठी लखकन उघडलं. मधली वर्षं त्यांनी चायनीजच्या गाडीवर काढली, तिथे मालकासकट सगळे नेपाळी, त्यामुळे मराठी लागलंच नाही. जे कानावर पडलं ते सगळं हुकूम. आण. ने. पूस. उचल. हो बाजूला. चल लवकर. त्यांनी मराठी शिकलं ते त्यांच्यावर फेकलेल्या शब्दांतून. त्यामुळे ते जेव्हा कापलेला पगार मागायला गेले, तेव्हा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून, अत्यंत नम्रपणे म्हणाले, "शेठ, पैसा दे. लवकर."

शेठ केवढे भडकले असतील याची कल्पना करा. आणि नेपाळीत आदराच्या पायऱ्या आपल्यापेक्षाही जास्त आहेत : तँ, तिमी, तपाईं, वर हजुर. दाई आपल्या भाषेत कोणाशी कुठली पायरी धरायची ते कधी चुकत नाहीत. मराठीत मात्र त्यांना एकच पायरी मिळाली, सगळ्यात खालची. (मेस कमिटीने नंतर बोलणं लावलं, एका दिवसाचा पगार परत मिळाला. दुसरा अजून 'बघू'.)

मग आमचे क्लास सुरू झाले. रात्री साडेनऊनंतर, भांडी द्यायच्या खिडकीपाशी. मी अलीकडे जर्नल लिहीत, ते पलीकडे पातेली घासत. दे नाही, द्या. ये नाही, या. हो बाजूला नाही, जरा सरकता का? शिकवताना लक्षात आलं की माझं मराठीही तसं घरगुतीच. ऊठ, जेव, अभ्यास कर, फोन ठेव! पण मला निदान आई आजोबांशी कशी बोलते ते ऐकायला मिळालं होतं. मग मी ठरवून त्यांच्याशी 'तुम्ही'तच बोलायला लागले, कानावर पडावं म्हणून. फर्स्ट इयरची ती मुलगीही येते कधीकधी. तिला ते आता ताई म्हणतात, ती दोन वर्षांनी... छे, दहा-बारा वर्षांनी लहान असून.

प्रगती एवढी झाली आहे की मेसच्या मागच्या दारात जे कुत्रं आडवं पसरलेलं असतं, त्याला परवा दाई हातात डाळीचं पातेलं धरून म्हणाले, "अहो, जरा सरकता का?" दोनदा विचारलं. कुत्रं हललं नाही. मग वळसा घालून गेले.

आता त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ, खरा कान्छा, यायचा आहे. बारावी झाली, तिकडे काम नाही. त्याच्यासाठी दाई वही करतायत, माझ्या जुन्या ग्राफिक्सच्या वहीची कोरी पानं घेऊन. डावीकडे मराठी, उजवीकडे नेपाळी. मामेभावाच्या पुस्तकातला पहिला धडा होता 'माझं नाव, माझा देश, माझे छंद'. दाईंच्या वहीतलं पहिलं वाक्य आहे, 'गरम आहे'. दुसरं, 'पगार किती तारखेला?' मग 'कळलं नाही, परत सांगा'. मग 'पावती द्या'. चौथ्या पानावर लाल पेनाने चौकट करून नेपाळीत लिहिलंय : बहिनी नभन्नू, ताई भन्नू.

'पावती द्या' काढून टाका, असं कोणीतरी त्यांना सांगितलं, मालक चिडतात म्हणे. दाईंनी विचार केला आणि पुढे 'कृपया' लिहिलं.

तिहार झाला की भाऊ निघेल. त्याआधी वही गावाला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवायची आहे, म्हणजे चार दिवसांच्या प्रवासात त्याचं पाठांतर होईल. अकरा पानं भरली आहेत.